फोनने उजळवलेला चंद्र

मंडळी, 7 सप्टेंबर 2025 ची रात्र आठवते? 11 वाजता चंद्र पूर्ण ग्रासला, आणि 82 मिनिटं तसाच. आजी म्हणत होती, ग्रहणात गच्चीवर जाऊ नकोस. मी गेलो. ढग जरा सरकले तसे फटाफट फोटो काढले. खाली येऊन बघतो तर काय, सगळ्यांत तोच नारिंगी दिवा!

आता जरा मागे जाऊ. ऑगस्ट 1883 मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. वर्षभराने, 4 ऑक्टोबर 1884 च्या खग्रास ग्रहणात चंद्र नेहमीसारखा तांबडा दिसलाच नाही, पार काळवंडला. कारण ग्रहणात चंद्रावर पोचणारा उजेड आपल्याच वातावरणातून वळून गेलेला असतो. वर ज्वालामुखीचे बारीक कण असले की तो अडतो. 1991 ला पिनाटुबो फुटला, तर डिसेंबर 1992 चं ग्रहणही असंच काळं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी तर 1921 मध्ये यासाठी 0 ते 4 अशी पट्टीच केली: 0 म्हणजे चंद्र जवळजवळ गायब, 4 म्हणजे झळझळीत केशरी.

आणि आपला ऑटो मोड? अंधार दिसला की उजळवायचा. 1884 चा चंद्रही त्याने मस्त तांबडा करून दिला असता! माझ्या फोटोंवरून त्या रात्रीचा दाँजाँ आकडा काही सांगता येत नाही, राव.

31 डिसेंबर 2028 च्या रात्री पुन्हा खग्रास आहे, आपल्याकडून दिसणारं. तेव्हा आयएसओ आणि शटर हाताने लावणार. आणि डोळ्यांना दिसलेला रंग आधी वहीत.