दुसरें मत

कॅनडांतील अल्बर्टा प्रांताच्या कायदेमंडळावर १९१७ सालीं एक स्त्री निवडून आली, आणि तिला निवडून देणारे मतदार जवळजवळ सगळे पुरुष, तेहि रणांगणावरचे शिपाई होते, ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच वाचनांत आली असेल.

पहिल्या महायुद्धांत अल्बर्टाचे हजारों तरुण युरोपांत होते. निवडणूक आली तेव्हां मतदानासाठीं त्यांना घरीं आणणें शक्य नव्हतें. म्हणून प्रांतिक सरकारनें खास कायदा करून समुद्रापलीकडील सैनिक व लष्करी परिचारिका यांच्यासाठीं दोन जागा राखून ठेविल्या. प्रत्येक मतदारास मतें दोन. उमेदवार एकवीस उभे राहिले. पैकीं वीस पुरुष, आणि एकविसाव्या रॉबर्टा मॅकॅडम्स.

बाईंचा जन्म १८८० सालीं ऑंटॅरिओ प्रांतांतील सार्निया येथें झाला. गृहशास्त्राचें शिक्षण घेऊन एडमंटनच्या शाळांतून तो विषय शिकविण्याची व्यवस्था त्यांनीं पाहिली. १९१६ त सैन्याच्या वैद्यकीय दलांत लेफ्टनंट होऊन इंग्लंडांतील ऑर्पिंग्टन येथील लष्करी रुग्णालयांत त्या रुजू झाल्या. त्यांना सर्रास परिचारिका म्हटलें जातें. दर्जा आणि पोषाख परिचारिकेचाच होता. काम मात्र मुदपाकखान्याचें. कोणत्या आजाऱ्याला काय, किती व केव्हां द्यावयाचें, हें त्या ठरवीत. यांत आम्हांस कांहीं उणेपण दिसत नाहीं. पथ्यपाणी हें शुश्रूषेचें अर्धें अंग आहे, हें दुखणेकऱ्याच्या उशाशीं रात्री काढलेल्या आमच्या गृहिणींस सांगावयास नको.

प्रचाराची धुरा बीआट्रिस नॅस्मिथ या कॅनेडियन पत्रकार स्त्रीनें उचलली. पत्रकांवर परिचारिकेच्या वेषांतील छायाचित्र, आणि खालीं विनंती अशा आशयाची कीं, एक मत आपल्या पसंतीच्या पुरुषास द्या, दुसरें या सिस्टरला. ‘सिस्टर’ म्हणजे परिचारिका आणि बहीणहि. दोन्ही अर्थ शिपायांच्या मनास भिडले असतील. युक्ति मोठी चतुर खरी, परंतु आम्हांस ती किंचित् बोचतेहि. पहिलें मत मागण्याची सोय स्त्रीला नव्हती!

निकाल लागला. कॅप्टन पिअर्सन यांना ४,२८६ मतें पडलीं, मॅकॅडम्सबाईंना ४,०२३. एकोणीस पुरुष मागें पडले. ज्या इंग्लंडांत राहून बाई निवडून आल्या तेथील स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकींत मताचा अधिकार तेव्हां मुळींच नव्हता. तो १९१८ त, आणि तोहि अर्धामुर्धा, मिळाला. १९१७ च्याच जूनमध्यें अल्बर्टांतच लुईझ मॅकिनी निवडून आल्या होत्या. सबंध ब्रिटिश साम्राज्यांत कायदेमंडळावर निवडून आलेल्या पहिल्या दोन स्त्रिया त्या ह्या.

१९१८ च्या अधिवेशनांत मॅकॅडम्सबाईंनीं एक विधेयक मांडून संमत करून घेतलें. साम्राज्यांतील कायदेमंडळांत स्त्रीनें मांडून तडीस नेलेलें तें पहिलें विधेयक. विषय लहानसाच: सैनिकांच्या आप्तांच्या संघास कायदेशीर अस्तित्व देण्याचा. मतें दिलीं शिपायांनीं. त्यांचें पहिलें फळ पडलें तें त्यांच्या घरच्या माणसांच्या पदरांत. असा प्रतिनिधि आम्हांस वक्तृत्व गाजविणाऱ्या दहांपेक्षां अधिक मोलाचा वाटतो.

१९२० त त्यांनीं विवाह केला. १९२१ च्या निवडणुकीपर्यंत शिपाई घरीं परतले होते आणि त्यांच्यासाठीं निर्मिलेल्या दोन्ही जागा नाहींशा झाल्या होत्या. बाई पुन्हां उभ्या राहिल्या नाहींत. १९५९ सालीं कॅल्गरी येथें त्या वारल्या.