खांबाला हात लावा

मोहर्लीच्या फाटकातून जिप्सी आत शिरली की तुमची नजर वाघ शोधू लागते. शोधू दे. पण ताडोब्याच्या तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एकामागून एक दगडी खांब लागतात, त्यांच्याकडेही बघा. गाईड सांगतात, हे गोंडराजांच्या काळातले. यांच्यातून दोर ओवलेला असे, दोराला घंटा असत आणि राजाची स्वारी निघाली की घंटांवरून निरोप पुढे जाई. गाडीतून उतरायला इथे मनाई आहे. तेव्हा मनानं त्या काळात उतरा आणि खांबाला तळवा टेकवा.

दगड गार लागतो. चैत्रातली पहाट आहे, अजून पुरतं उजाडलेलं नाही. पहिला येतो तो वास: गोड, जड, थोडा आंबूस, घशात उतरून बसणारा. मोहफुलं पडताहेत. टप्. जरा थांबून पुन्हा टप्, टप्. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली, त्या काळ्या राखेवर पिवळसर फुलं मोत्यांसारखी उठून दिसतात. बायका ओणव्या होऊन वेचताहेत, लेकरं टोपल्या धरून मागे. एकजण तुम्हाला गोंडीत काही बोलते. तुम्हाला कळत नाही. ती हसते आणि नाल्याकडे बोट दाखवते: तिकडे जाऊ नका. अस्वलालाही मोह आवडतो, आणि ते माणसांच्या आधी उठतं.

एक फूल तोंडात टाका. गर फुटतो, रस ओठांना चिकटतो. आता तुम्ही इथलेच. चला, वेचू लागा. सूर्य वर येईस्तोवर कंबर मोडते, बोटं चिकट होतात, पाठीवर ऊन चटके देऊ लागतं. घरी अंगणात फुलं पसरायची. दोन-चार दिवसांत ती सुकून मनुकांसारखी लालसर होतात.

मग बाजाराला जायला रात्री खाचर जुंपायचं. दिवसा या मुलखात बैल चालवणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. पोत्यांवर आडवं व्हा. आसाचा करकराट, तुंब्यातलं पाणी, मधेच बैल थबकले की गाडीवान मोठ्यानं बोलू लागतो, कुणाशी ते विचारायचं नाही.

सकाळी समोर चंद्रपूरचा जटपुरा दरवाजा. आज इथे हॉर्नच्या गलक्यात मान वर करायला कुणाला सवड नसते. तुम्ही मात्र खाचरावर पाठीला पोतं लावून पडलेले आहात, म्हणून दिसतं: कमानीच्या बाजूला दगडात कोरलेला, हत्तीला नमवणारा सिंह. शहराला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, आणि त्या सकाळी जणू सगळा मुलूख या एकाच दरवाज्यातून आत घुसतो आहे. बांबूच्या मोळ्या, लाख, मध, डिंक, पानांच्या द्रोणात चारं. वैनगंगा ओलांडून वैरागडाकडून आलेली माणसंही आहेत. (तो नदीपलीकडचा मुलूख १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला, या गर्दीत मात्र सगळे एकाच बाजाराचे.) कमानीत क्षणभर गारवा, शेणाचा आणि घामाचा वास. ‘‘कोणत्या गावचे जी?’’ पहारेकरी विचारतो. तुम्ही नुसता ‘‘जोहार’’ म्हणा, भागतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला अंचलेश्वराजवळ छिन्न्यांचा नाद चालू आहे. राणी हिराई मारल्या गेलेल्या नवऱ्याची, बिरशहाची, समाधी बांधवते आहे. पाथरवटांच्या पापण्याही पांढऱ्या झाल्यात. एकजण घाव थांबवतो, दगडावर पाणी शिंपडतो आणि तळहात फिरवून बघतो. खडबड लागते तिथे पुन्हा छिन्नी. तुम्ही आज तिथे गेलात तर फलक वाचण्याआधी त्या दगडावर तळहात फिरवा. फलकावर राजाराणीची नावं मिळतील. हा हात फक्त दगडात सापडतो.

बाजारात बंजाऱ्यांचा तांडा बसला आहे. त्यांच्या गोण्यांत समुद्राचं मीठ, इतक्या दूर बैलांच्या पाठीवरून आलेलं. तुमच्या सोबतची बाई मोह ओतते, माप पाहते, भांडते, पुन्हा मोजायला लावते. ऊन डोक्यावर, जीभ कोरडी, माश्यांचा घों घों. शेवटी फडक्यात मीठ पडतं. केवढीशी पुरचुंडी! तीन पहाटा वाकून वेचलेल्या मोहाची ही किंमत. ती चार गाठी मारते आणि पुरचुंडी पोटाशी खोचते.

उन्हं कलल्यावर परत. जंगल लागतं, सावल्या लांबतात. खाचर पहिल्या खांबापाशी येतं आणि वरचा दोर थरथरतो. दूरची एक घंटा, मग जवळची. बैल कान टवकारतात. गाडीवान धावत उतरतो, कासरा ओढून खाचर रस्त्याखाली घेतो. राजाची स्वारी येते आहे! धूळ दिसू लागते. लेकरं खांबावर चढू बघतात, तुम्हीही मान उंचावता.

ती बाई धुळीकडे पाठ करून बसली आहे. घामानं मीठ ओलं झालं का, ते बोटानं चाचपते आहे.