‘द हिंदू’चा कल : एका नियुक्तीतून सुरू झालेला इतिहास

डावे, उजवे, सरकारधार्जिणे वा सरकारविरोधी असा शिक्का एकदा मारला की वृत्तपत्राची ओळख पूर्ण झाली, असे आपण मानतो. चेन्नईच्या ‘द हिंदू’चा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

या पत्राचा जन्म एका प्रशासकीय नियुक्तीच्या वादातून झाला. टी. मुथुस्वामी अय्यर यांना मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमल्यावर इंग्रजांच्या मालकीच्या पत्रांनी टीकेची झोड उठवली. त्यास उत्तर देण्यासाठी दोन शिक्षक व कायद्याचे चार विद्यार्थी यांनी २० सप्टेंबर १८७८ रोजी हे साप्ताहिक काढले. पहिल्या अंकाच्या अवघ्या ८० प्रती छापल्या होत्या. १८८९ मध्ये ते दैनिक झाले.

संस्थापकांपैकी जी. सुब्रमण्य अय्यर यांनी १८८५ च्या मुंबई काँग्रेसमध्ये पहिला ठराव मांडला. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराची चौकशी व्हावी, ही त्यातील मागणी होती. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे गोखले व वाच्छा यांच्याप्रमाणे त्यांनीही साक्ष दिली. सरकारी खर्चाचा हिशेब मागणे हे या पिढीचे राजकारण होते.

राजकारणात जुळलेली माणसे समाजकारणात मात्र दुरावली. अय्यर यांनी १८८९ मध्ये आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह मुंबईत घडवून आणला. सुधारणांवरून सहकारी वीरराघवाचारी यांच्याशी मतभेद वाढले, आर्थिक ओढाताणही होती. १८९८ मध्ये अय्यर बाहेर पडले. नोकरीनिमित्त गुम्मिडिपूंडीसारख्या औद्योगिक गावी राहणाऱ्या मराठी वाचकास येथे ‘केसरी’ आठवल्यावाचून राहत नाही. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढते झाले, ते याच प्रश्नावर. अय्यर यांच्या हाती त्यांचे तमिळ ‘स्वदेशमित्रन्’ होतेच.

१९०५ मध्ये कस्तुरीरंग अय्यंगार यांनी ‘द हिंदू’ विकत घेतला आणि तो एका कुटुंबाचा झाला. यानंतर कलाचा प्रश्न मालकी व संपादक यांच्याशी निगडित झाला. बोफोर्स व्यवहाराची कागदपत्रे याच पत्राने १९८८ मध्ये छापली. १९८९ मध्ये पुढील मजकूर संपादकांनी रोखला, तेव्हा चित्रा सुब्रमण्यम यांनी आपले काम ‘इंडियन एक्स्प्रेस’कडे नेले. पत्र एक, कुटुंब एक, निर्णय मात्र दोन. २००३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने हक्कभंगावरून या पत्राच्या संपादक-पत्रकारांना पंधरा दिवसांची कैद ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

यातून प्रशासकाने काय घ्यावे? टीका करणाऱ्या पत्राचा कल शोधून टीका निकालात काढण्याची आपल्या कार्यालयांत सवय आहे. परंतु कल मालकाबरोबर, संपादकाबरोबर, प्रसंगी विषयाबरोबरही बदलतो. छापलेला कागद व आकडा मात्र खरा की खोटा, एवढेच ठरवावयाचे असते. उत्तर त्यालाच दिले पाहिजे. १८७८ मध्येही वाद मुथुस्वामी अय्यर कोणाचे, हा नसावयास हवा होता. ते पात्र आहेत की नाहीत, एवढाच असावयास हवा होता.