टाळ्या, हुर्यो आणि गिटार : ब्लूजच्या तबकड्यांतला इतिहास

मुशायऱ्यात ऐकलेला शेर आणि दिवानात छापलेला शेर एकच असतो, पण अनुभव एक नसतो. छापील पानावर शायर असतो, 'वाहवा' म्हणणारी मैफल नसते. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक ब्लूज संगीताच्या तबकड्या ऐकताना हा फरक सतत जाणवतो. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, निवडक गाण्यांचे संकलन. दुसरा, श्रोत्यांसमोर केलेले थेट ध्वनिमुद्रण. इतिहासाचे साधन म्हणून दोन्ही महत्त्वाची आहेत, पण ती वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले. कापसाच्या मळ्यांतली गरिबी, वंशभेदाचे कायदे आणि जमावाकडून होणाऱ्या हत्या मागे ठेवून ही माणसे कारखान्यांत काम शोधत होती. मडी वॉटर्स त्यांपैकीच एक. १९४१ साली संशोधक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा ते तिथे राबणारे मजूर होते. १९४३ साली ते शिकागोला गेले. शहरातल्या गजबजलेल्या मद्यालयांत साध्या गिटारीचा आवाज पोचेना, म्हणून हातात विजेची गिटार आली. म्हणजे हा नवा नाद केवळ हौसेतून नाही, तर स्थलांतराच्या गरजेतून जन्मला.

त्यांची सुरुवातीची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यामुळे गाणेही तेवढेच. १९५८ साली चेस कंपनीने 'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स' हे संकलन काढले. १९४८ ते १९५४ या काळातली १२ गाणी त्यात आहेत. आज कुणाला शिकागोचा ब्लूज समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात इथून करावी. पण संकलनाची मर्यादा लक्षात ठेवावी. ही निवड कंपनीची असते. गाणे कुठे वाजले, कुणी ऐकले, कुठे दाद मिळाली, हे त्यातून कळत नाही.

ती उणीव थेट ध्वनिमुद्रणे भरून काढतात. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या साउथ साइड या कृष्णवर्णीय वस्तीतल्या रीगल थिएटरमध्ये बी. बी. किंग यांचा कार्यक्रम झाला. 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल' ही त्याची तबकडी. किंग गाताना गिटार वाजवत नसत. ओळ संपली की गिटार तिला उत्तर देई. कव्वालीत मुख्य गायकाची ओळ हमनवा उचलून धरतात, तशी ही जोडी. पण रीगलमध्ये तिसरा गायकही आहे, तो म्हणजे श्रोता. एका शब्दावर बायका किंचाळतात, एका सुरावर सगळे नाट्यगृह हुंकारते. हे दुःख त्यांच्या घरचे आहे, म्हणून दाद नेमक्या जागी पडते.

न्यूपोर्टची हवा वेगळी. जुलै १९६० मध्ये तिथल्या जॅझ महोत्सवात जागा न मिळालेल्या तरुणांनी शहरात दंगा केला आणि महोत्सव रद्द झाला. ३ जुलैच्या दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ दिला गेला. समोर बहुसंख्य गोरे श्रोते होते. मडी वॉटर्स यांचे एक गाणे त्यांना इतके आवडले की ते लगेच पुन्हा वाजवावे लागले. महोत्सवाच्या निरोपासाठी कवी लँग्स्टन ह्यूज यांनी तिथेच गाणे लिहिले आणि पियानोवादक ओटिस स्पॅन यांनी ते गायले. दंगा गोऱ्या तरुणांनी केला आणि निरोपाचे दुःख कृष्णवर्णीय कवी-गायकांच्या वाट्याला आले. हा विरोधाभासही त्या तबकडीत नोंदला गेला आहे.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. १० सप्टेंबर १९७० रोजी किंग शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात वाजवायला गेले. समोर दोन हजारांहून अधिक कैदी होते. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी, आणि कितीतरी जण खटला सुरू होण्याची वाट पाहत खितपत पडलेले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला शेरीफ आणि न्यायाधीशांची नावे घेतली जातात, तेव्हा कैदी त्यांची हुर्यो उडवतात. कंपनीने तो आवाज कापला नाही. सरकारी अहवालात कैद्याचे मत नसते. इथे मात्र ते दोन हजार घशांतून ऐकू येते. या अनुभवाने किंग हलले. पुढे १९७२ साली त्यांनी वकील एफ. ली बेली यांच्यासोबत कैद्यांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली.

आणखी एक धागा आपल्याला जवळचा वाटेल. गुलाम म्हणून नेलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांत मुसलमानही होते. त्यांपैकी ओमर इब्न सईद यांनी १८३१ साली अरबीत लिहिलेले आत्मचरित्र उपलब्ध आहे. इतिहासकार सिल्व्हियान डियूफ यांनी दक्षिणेतल्या मजुरांच्या आरोळीगीतांची तुलना अजानच्या सुरावटीशी केली आहे. १७३९च्या बंडानंतर साउथ कॅरोलिनाने गुलामांना ढोल वाजवण्यास बंदी केली. तंतुवाद्ये मात्र त्या बंदीतून सुटली. हे सगळे विचार करायला लावणारे आहे. पण म्हणून 'ब्लूज आमचाच' असा दावा करणे घाईचे ठरेल. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. त्या संगीतात चर्चची प्रार्थना आहे, मळ्यातला घाम आहे आणि कारखान्याचा भोंगाही आहे.

म्हणून संकलन जरूर ऐकावे, गाणी ओळखीची होतात. त्यानंतर थेट ध्वनिमुद्रण लावावे आणि गिटारइतकेच लक्ष गर्दीकडे द्यावे. ज्यांची नावे कुठल्याच इतिहासात येत नाहीत, त्यांचा आवाज तिथे आहे.