यू यू यू यू

पहाटेचे तीन वाजलेत. तारीख २७ मे १९६१. तुम्ही अमेरिकेत बेथेस्डाला, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १० क्रमांकाच्या इमारतीत आहात. तरुण जर्मन संशोधक हाइनरिख माथेई परीक्षानळ्यांवर वाकलाय. ज्यांच्यासोबत तो काम करतो ते मार्शल निरेनबर्ग सध्या बर्कलीला गेलेत. १९६८चं नोबेल निरेनबर्गना मिळेल, खोराना आणि हॉली यांच्यासह. माथेईला नाही. मला ते आजही खटकतं.

डीएनएचा दुहेरी गोफ ८ वर्षांपूर्वीच उलगडलाय. त्याची अक्षरं ४: एसमोर टी, जीसमोर सी, म्हणून एका धाग्यावरून दुसरा घडतो. पण पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात, आणि ती बनतात २० प्रकारच्या अमिनो आम्लांची. या ४ अक्षरांत ही २० आम्लं कशी लिहिली असतील, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. डीएनए आणि प्रथिनांमधला निरोप्या आरएनए, एकपदरी आणि टीच्या जागी यू असलेला, याचे पुरावे याच महिन्यात छापून आलेत.

जवळ या, हा रस बघा. ई. कोलाय जीवाणू ॲल्युमिनाची पूड घालून खलात घोटले आणि फोडले, त्यातून तो निघालाय. प्रथिनं जोडणारे रायबोसोम शाबूत आहेत. डीएनए मात्र विकर घालून तोडलाय. जुने निरोप झिजून संपतात, नवे येत नाहीत, प्रथिनं बनणं थंडावतं. पेशी मेली तरी तिची यंत्रणा हुकमाची वाट बघत राहते! या प्रयोगातलं सगळं सौंदर्य मला इथे दिसतं.

आता माथेई हुकूम देतो: कृत्रिम आरएनए, सगळी अक्षरं यू. कोणतं आम्ल उचललं जातंय ते कळावं म्हणून आम्लांना किरणोत्सारी कार्बनची खूण केलीय. एकेक वगळत तो फेनिलॲलनिनपर्यंत आलाय. प्रथिन साकळतं, धुतलं जातं, किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात जातं. यू न घातलेल्या नळीचा आकडा ७०च्या आसपास. यू घातलेल्या नळीचा ३८ हजारांच्या घरात.

सजीवांच्या लिपीतला पहिला शब्द तुमच्यादेखत वाचला गेलाय. एका फेनिलॲलनिनला यू किती लागतात, हे मात्र या नळीतून कळत नाही. ३ लागतात, याचा भक्कम पुरावा केंब्रिजहून डिसेंबरअखेर येईल.