कोर्लईची बोली व पाद्र्यांचे शास्त्र

अलिबागेहून दक्षिणेस निघावे, चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकाव्या व कुंडलिकेच्या मुखाशी यावे, तो पैलतीरी समुद्रात शिरलेला एक डोंगर दृष्टीस पडतो. त्यावर कोर्लईचा किल्ला आहे आणि पायथ्याशी कोर्लई गाव. या गावच्या ख्रिस्ती वस्तीत आजही जी भाषा घरोघर बोलली जाते ती मराठी नव्हे, कोकणी नव्हे व शुद्ध पोर्तुगीजही नव्हे. तिचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज, परंतु वाक्याची ठेवण मराठी. लिस्बनच्या गृहस्थाच्या तोंडी क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बाईच्या तोंडी ते आपल्याप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. बोलणारे तिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे.

या भाषेचा जन्म चौलच्या ठाण्यात झाला. निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी 1521 साली तेथे कोट बांधावयास घेतला. 1594 मध्ये पलीकडचा कोर्लईचा डोंगरही त्यांनी जिंकला. शिबंदीतील शिपाई, त्यांच्या घरची दासदासी व नव्याने ख्रिस्ती झालेली स्थानिक कुटुंबे यांना परस्परांशी बोलणे प्राप्तच होते, व त्या व्यवहारातून ही बोली घडली. 1739 मध्ये वसई पडली आणि पुढच्याच वर्षी चौल व कोर्लई मराठ्यांच्या हाती आली. ज्यांना गोव्याचा आश्रय मिळण्यासारखा होता ते गेले. गरीब रयत मागे राहिली. धर्माने व जातीने शेजाऱ्यांपासून वेगळी पडलेली ही माणसे आपसातच सोयरीक करीत राहिली, आणि त्या एकांतात त्यांची भाषा टिकली. मुंबई, साष्टी व वसईकडील अशाच बोलींचे वर्णन गोव्याचे विद्वान पाद्री सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी 1906 साली प्रसिद्ध केले. त्या बोली पुढे लोपल्या, कोर्लईची उरली.

आता नवल असे की, ज्या धर्मामुळे ही भाषा जन्मली व जगली, त्या धर्माचे शास्त्र मात्र पाद्र्यांनी या भाषेत उतरविले नाही. कोणी म्हणेल, त्या काळचे पाद्री देशी भाषांविषयी उदासीनच असावयाचे. पण तसे नव्हते. इंग्लंडहून 1579 साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले, व त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. उत्तर कोकणच्या ख्रिस्ती लोकांसाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश यांचे मराठी पुराण 1659 मध्ये निघाले. 1684 साली गोव्याच्या सरकारने कोकणीचा त्याग करण्याचा हुकूम काढला, तेव्हा वारे फिरले हे खरे. परंतु ग्रंथरचनेची बुद्धी पाद्र्यांत होती, एवढे निश्चित.

फार दूरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, गियाना प्रांतात, अरावाक नावाचे मूळनिवासी राहतात. त्यांची भाषाही लहान, आणि गेल्या शतकात ती अधिकच क्षीण झाली. तरी शूमान नावाच्या मोराव्हियन पंथाच्या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या मध्यास तिचा कोश व व्याकरण रचले, आणि 1840 पासून पोमरून नदीकाठी राहिलेल्या विल्यम ब्रेट यांनी शुभवर्तमानाचे भाग तीत उतरविले. या दोघांना अरावाक भाषेचे एक अक्षरही आधी ठाऊक नव्हते. ती परकी होती म्हणूनच तिचा अभ्यास करणे त्यांना भाग पडले.

कोर्लईची अडचण नेमकी उलट होती. तेथील पाद्र्याला लोकांचे बोलणे अर्धेमुर्धे समजत असे व लोकांना त्याचे. जी भाषा आपल्याच भाषेचे मोडके रूप भासते, तिच्यात भाषांतर करावयाचे ते कशासाठी? असाच विचार त्याच्या मनात असावा. मोडक्याला दुरुस्त करतात, त्याचा कोश करीत नाहीत! अरावाकांना परकेपणाने जे दिले, ते कोर्लईकरांना जवळिकीने नाकारले. याच अलिबागेच्या मुलुखातील बेने इस्राएल लोकांसाठी जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले, कारण त्यांची घरची भाषा मराठी होती व ती एक स्वतंत्र भाषा आहे याविषयी कोणास शंका नव्हती.

मग कोर्लईत देवाशी बोलावयाचे कोणत्या भाषेत? मिस्सा लॅटिनमध्ये, प्रार्थना व प्रवचन पोर्तुगीजमध्ये. मराठ्यांचे राज्य आले, आंग्र्यांचे अलिबाग संस्थान झाले, इंग्रज आले. तरी गोव्याकडील पाद्र्यांमुळे हा क्रम चालू राहिला. त्याचा एक लाभ असा की, घरच्या बोलीला मूळ भाषेचा शेजार सुटला नाही. पुढे 1962 ते 1965 या काळात व्हॅटिकनची परिषद भरली व उपासना लोकांच्या भाषेत करावी असे ठरले. जगभर अनेक लहान भाषांना त्या निर्णयाने देवळाचे दार उघडले. कोर्लईत ‘लोकांची भाषा’ म्हणून मराठी आली. त्यात अन्याय झाला असे म्हणवत नाही, कारण मराठी त्या लोकांना येत होती, शाळाही मराठीच होती, व मराठीत शास्त्र छापील तयार होते. मात्र पोर्तुगीजचा आधार तेवढा गेला, आणि घरच्या बोलीच्या वाट्याला काही आले नाही.

अमेरिकन भाषापंडित क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा सविस्तर अभ्यास करून 1996 साली ग्रंथ लिहिला. गाव सोडून शिक्षणासाठी व नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांच्या बोलण्यात मराठी शब्द दिवसेंदिवस वाढत आहेत. रविवारी देवळात शुभवर्तमानाचे वाचन मराठीत होते, गायनही मराठीत होते. उपासना आटोपून मंडळी अंगणात उतरली, की म्हाताऱ्या एकमेकींची खुशाली विचारतात ती नोलिंगमध्ये.