ताबा कुणाचा सुटतो? : चालत्या घराच्या तोलाचा इतिहास

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग दहिसर ओलांडून काशीमीरा नाक्यावर येतो. थोडे पुढे घोडबंदरपाशी ठाण्याचा फाटा फुटून गायमुखाच्या घाटात शिरतो आणि सरळ रस्ता वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल ओलांडून गुजरातच्या दिशेने धावू लागतो. या नाक्यावर तासभर उभे राहिले की चाकांवरची सगळी दुनिया पाहायला मिळते. कंटेनर, टँकर, गुजरातकडे निघालेल्या स्लीपर बसगाड्या असतात, आणि त्यांत मधूनच चित्रीकरणासाठी निघालेली एखादी व्हॅनिटी व्हॅन. आपल्याकडे ‘मोटरहोम’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी या व्हॅनिटी व्हॅनच्या रूपाने चाकांवरचे घर आपल्या रस्त्यांवर आले. हिंदी चित्रसृष्टीत ती रुजवण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लन यांना दिले जाते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून सामान्य कुटुंबेही अशा घरात बसून कोकणाकडे किंवा सह्याद्रीकडे जाण्याचे बेत करू लागली आहेत.

या रस्त्यावर एखादे उंच वाहन कलंडले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘चालकाचा ताबा सुटल्याने’. पूर्वी भारतीय दंड संहितेचे ३०४-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ याच वाक्याच्या मागोमाग येते. चालक चुकतो, झोपेला येतो, वेगाने हाकतो, हे खरेच आहे. परंतु वाहनांच्या तोलाचा इतिहास वाचू लागल्यापासून हे वाक्य मला अपुरे वाटत आले आहे. कारण गाडी चालकाच्या हाती येते, त्याआधीच तिचा बराचसा ताबा दुसऱ्या कोणी तरी घेतलेला किंवा सोडून दिलेला असतो. तो कुणी, केव्हा आणि कसा, याचा हा मागोवा.

*

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते. आपल्या गाडीवानांच्या बोलीत दोन नेमके शब्द आहेत : धुरजड आणि उलाळ. साटीवरचा माल पुढे जास्त झाला, की सारा भार जुवावरून बैलांच्या मानेवर येतो. ती गाडी धुरजड. माल मागे जास्त झाला, की जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचे जोते बैलाला काचते. ती गाडी उलाळ. चांगला गाडीवान गाडी भरतानाच जू हातात धरून अंदाज घेतो आणि दोन पोती पुढे किंवा मागे सरकवतो. एकूण वजन तेच असते, फक्त जागा बदलते आणि गाडी वेगळी होते. मोटारींच्या तोलाचे अर्धे शास्त्र या दोन शब्दांत आहे.

हेच गणित आजच्या घरगाडीला लावून पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांत ४ मीटर अंतर आहे असे धरा. मागच्या आसाच्याही मागे २ मीटरवर २०० लिटर पाण्याची टाकी बसवली, म्हणजे २०० किलो. तरफेच्या नियमाने मागच्या आसावर २०० नव्हे तर ३०० किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरून १०० किलो उचलला जातो. गाडी उलाळ झाली. इथे गळा काचायला बैल नसतो. काचतो तो स्टिअरिंगचा ताबा. पुढची चाके हलकी झाली की ती रस्ता कमी धरतात, गाडी सरळ रेषेत राहत नाही आणि चालक सतत चक्र डावीउजवीकडे सावरत राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ मागच्या बाहेर आलेल्या भागाला आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांची मर्यादा घालतो. पण त्या मर्यादेतल्या जागेत स्वयंपाकघर ठेवायचे की कपड्यांचे कपाट, हे ठरवतो गाडी बांधणारा कारागीर.

*

बैलगाडीला कमानी नव्हत्या; खड्ड्याचा हिसका थेट साटीला बसे. विलायतेत ओबडाया इलियट याने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले आणि प्रवास मऊ झाला. त्याच सुमाराला, म्हणजे १८१८ मध्ये, रुडॉल्फ आकरमान याने जर्मन गाडीकार लांकेनश्पेर्गर याच्या वतीने वळणाच्या रचनेचे पेटंट लंडनमध्ये नोंदवले. वळताना आतल्या चाकाने बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे, ही त्यातली कल्पना. मुंबईच्या बग्ग्या आणि व्हिक्टोरिया कमानींवर झुलल्या, आणि मोटार आली तेव्हा तिनेही कमान घोडागाडीकडूनच उचलली.

आपल्या ट्रकखाली आजही दिसणारे पाटे हे त्याच वंशातले. या पाट्यांची गंमत अशी, की ते एकाच वेळी दोन कामे करतात. एक, वजन तोलणे. दुसरे, आस जागच्या जागी धरून ठेवणे. पाटे कडक ठेवले तर आस हलत नाही, पण आतला माणूस हादरतो. मऊ केले तर माणूस सुखावतो, पण गाडी वळणावर झुकते आणि आस किंचित आडवा सरकतो. ‘आराम की तोल’ हे भांडण इथून सुरू होते. त्यावर दोन जुने तोडगे निघाले. आस आडवा सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, ज्याला पानार्ड या फ्रेंच मोटारकंपनीचे नाव चिकटले. आणि डावी-उजवी बाजू पिळाच्या दांड्याने जोडून झुकणे कमी करणे, ज्याचे पेटंट कॅनडातील स्टीफन कोलमन याला १९१९ मध्ये मिळाले. आजही घरगाडी डुलते म्हणून जे दोन भाग तिला बसवतात, ते हेच.

मात्र गाडी अशी का वागते, याचे पद्धतशीर उत्तर शोधायला १९३० चे दशक उजाडावे लागले. रोल्स-रॉईसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने तिथे एक प्रयोगाची गाडी तयार केली. तिच्या पुढे-मागे वजने टांगून ती हवी तशी सरकवता येत. तीच चाके, तेच इंजिन. केवळ वजनाची जागा आणि कमानींचा कडकपणा बदलत तो गाडीचे वागणे पाहत असे. पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर गाडी कमी डुचमळते, हे त्यातूनच पुढे आले. काही गाड्या वळणावर चालकाच्या अपेक्षेपेक्षा कमी वळतात, काही जास्त. जास्त वळणारी गाडी वेग वाढला की अनावर होते, हा भेदही ओली आणि त्याच्या समकालीनांनी स्पष्ट केला. ओलीची सरकती वजने आणि आपल्या गाडीवानाची सरकती पोती यांत फरक मोजमापाचा आहे, जाणिवेचा नाही.

*

भारतात या कथेला वेगळे वळण मिळाले. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले आणि गाडी बनवण्याचे काम दोन हातांत विभागले गेले. कारखान्यातून बाहेर पडे ती चासी : इंजिन, चाके, पाटे आणि स्टिअरिंग. वरचे शरीर बांधायचे ते कुठल्या तरी गावच्या बॉडी बिल्डरने. लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडके गुंडाळून आणि डोळ्यांना गॉगल लावून उघडी चासी हाकत नेणारे चालक महामार्गावर पाहिलेले नाहीत, असा वाचक विरळा. त्या दृश्यात आपल्या वाहनव्यवस्थेची फट उघडी दिसते. पाटे किती कडक असावेत हे ठरवले एकाने, त्यांच्यावर वजन कुठे बसेल हे ठरवणार दुसरा, आणि दोहोंचा मेळ बसला की नाही हे कळणार तिसऱ्याला, म्हणजे चालकाला. तेही पहिल्या अवघड वळणावर!

त्यातून घरगाडीला ट्रकची चासी मिळाली, तर आणखी एक अडचण. मालाने भरलेल्या ट्रकसाठी केलेले पाटे रिकाम्या गाडीला फार कडक असतात. मग मालक आरामासाठी पाटे काढून टाकायला सांगतो आणि पुढच्या वर्षी छपरावर वातानुकूलन यंत्र, सौरपट्ट्या आणि सामानाचा कठडा चढवतो. आराम एका वेळी घेतला जातो, उंची दुसऱ्या वेळी वाढते, आणि दोहोंचा हिशेब एकत्र मांडला जात नाही.

उंचीचा हिशेब मात्र साधा आहे. डाव्या-उजव्या चाकांत २ मीटर अंतर असेल आणि वजनाचा मध्य जमिनीपासून १.२ मीटरवर असेल, तर कागदावर गाडी जवळजवळ ४० अंश कललेपर्यंत उलटत नाही. तोच मध्य १.६ मीटरवर गेला की ही मर्यादा ३२ अंशांवर येते. प्रत्यक्षात कमानी आणि टायर दबतात, म्हणून ती आणखी खाली उतरते. बेस्टने १९३७ मध्ये मुंबईत दुमजली बस आणली, तेव्हा अशी उंच गाडी उलटत कशी नाही, असा प्रश्न सहज मनात यावा. उत्तर तळाशी आहे : इंजिन, गिअरपेटी, चासी हे सारे जड सामान खाली असते आणि वरचा मजला शक्य तितका हलका. दुमजली बसची कसोटीही कठोर असते. वरच्या मजल्यावर माणसांइतके वजन ठेवून, खालचा मजला रिकामा सोडून, गाडी २८ अंश तिरकी करतात. तरी ती उलटता कामा नये.

आपल्या एसटीचा टपही आठवून पाहावा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, त्यानंतर कित्येक दशके मागच्या शिडीवरून ट्रंका, पोती, सायकली टपावर चढत. सगळ्यात जड सामान सगळ्यात उंच! २००१ मध्ये व्होल्वोची बी७आर बस भारतात आली, तिने ही उतरंड उलटी केली. इंजिन मागे, सामान प्रवाशांच्या पायाखालच्या डिकीत, आणि पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली चासी. प्रवाशांना जाणवला तो मऊपणा. पण हवेचा दाब भाराप्रमाणे बदलता येतो, त्यामुळे भरलेली आणि रिकामी गाडी सारख्याच उंचीवर राहते, हा गुण तितकाच मोलाचा. अमेरिकेत जीएमसी कंपनीने १९७३ ते १९७८ या काळात खास घरगाडीच बांधली, तिच्यातही हाच विचार होता. पुढच्या चाकांना ताकद दिल्याने तळाखालून मागे जाणारा दांडा गेला, जमीन खाली आली. मागे हवेची कमान बसली. ही गाडी बांधणाऱ्याने चासी आणि घर यांचा विचार एकत्र केला होता.

आपल्याकडे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण राजकारणातले आहे. १९८२ मध्ये एन. टी. रामाराव यांनी एका शेव्हरोलेट गाडीचे ‘चैतन्य रथम्’ केले. त्यांचा मुक्कामही त्यातच असे आणि सभेचे व्यासपीठ म्हणजे तिचे छप्पर. गाव आल्यावर थांबलेल्या गाडीच्या छपरावर माणूस उभा राहणे ठीक; छपरावर कायमचे वजन घेऊन महामार्गावर ८० च्या वेगाने धावणे वेगळे. वेग ४० वरून ८० झाला, की त्याच वळणावर बाहेर ढकलणारे बल दुप्पट नव्हे, चौपट होते.

*

काशीमीऱ्यापासून पुढे याची परीक्षा दोन ठिकाणी होते. गायमुखाच्या घाटात वळण, उतार आणि खराब रस्ता एकत्र येतात. तिथे उंची आणि पाटे बोलतात. वर्सोवा पुलावर रस्ता सरळ असतो, पण खाडीवरचा आडवा वारा उघडा मिळतो. तिथे गाडीची भिंत बोलते. ७ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच घरगाडीची एक बाजू म्हणजे साडेसतरा चौरस मीटरचे शीड. त्यात शेजारून मोठा कंटेनर गेला, की त्याच्या नाकापुढची हवा आधी आपल्याला बाहेर ढकलते आणि लगेच त्याच्या बाजूची हवा आत ओढते. जी गाडी उलाळ आहे, तिची हलकी पुढची चाके अशा वेळी सर्वांत आधी दगा देतात.

उपाय विचारणाऱ्यांना बाजार आधी महागडे सुटे भाग दाखवतो. इतिहासाने शिकवलेला क्रम उलट आहे. आधी गाडी रोजच्या सामानासह, पाणी भरून वजनकाट्यावर न्यावी. पूर्ण वजन घ्यावे, मग केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून पुढच्या आसाचे, मग मागच्याचे. मग जड वस्तू खाली आणि दोन आसांच्या मध्ये आणाव्यात. प्रत्यक्ष भारानुसार टायरमधली हवा ठरवावी, अलाइनमेंट तपासावी, झिजलेले बुश आणि शॉकअॅब्सॉर्बर बदलावेत. एवढे करूनही गाडी डुलली, तर पिळाचा दांडा, आडवा दांडा किंवा हवेचे फुगे. वजनाची चूक कमानीने झाकली, तर ती पुढच्या पुलावर पुन्हा उघडी पडते.

भारतात आता बस बॉडीसाठी एआयएस-०५२ आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ ही मानके आहेत. चासी आणि शरीर यांच्यामधली फट बुजवण्याचा हा प्रयत्न आहे. परंतु मानक तपासते ती गाडी तयार होतानाची. नंतर छपरावर चढलेले यंत्र आणि मागे लटकवलेली टाकी त्याला दिसत नाही. म्हणून मला वाटते, की कलंडलेल्या प्रत्येक उंच वाहनाच्या पंचनाम्यात दोन आकडे असावेत : पुढच्या आसावर किती वजन होते आणि मागच्या आसावर किती. ते आकडे आले, तर दोष कधी चालकावर येईल, कधी कारागिरावर, कधी मालकावर. गाडीवान जुवाखाली हात घालून जो प्रश्न विचारत असे, तो पंचनाम्यात विचारला जात नाही, तोवर गाडी उलाळ कुणी केली हे कळणार नाही आणि शिक्षा मात्र जू ओढणाऱ्यालाच होत राहील.